ताटीआडचा अधिकारी

आपल्या डोईफोडियाच्या शिवारात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांच्या वाटेने अखेर तापीमाईच्या स्वाधीन होतो. ती माई बऱ्हाणपुराला स्पर्श करून पुढे जळगाव जिल्ह्यात शिरते आणि पूर्णेला भेटते. त्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, तेथे चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. आणि तेथून जवळच, मुक्ताईनगरच्या परिसरात, मुक्ताईचे स्थान आहे. शके १२१९, म्हणजे इ. स. १२९७ च्या वैशाखात विजेच्या लखलखाटात ती तेथे अंतर्धान पावली, असे परंपरा सांगते. चौदाशे वर्षांचा म्हणविला जाणारा योगी आणि कोवळ्या वयाची मुलगी, या दोघांची स्मृती नदीने एकाच काठावर सांभाळली आहे. आज मला गीतेच्या अठराव्या अध्यायातील एका विचाराचे निरूपण करावयाचे आहे. परंतु त्या अध्यायाकडे जाण्याची माझी वाट या संगमावरूनच जाते.

विषय कोणास नवलाचा वाटेल. तो आहे कामाच्या ठिकाणाचा: कारखान्याचा, कचेरीचा, तेथील वरिष्ठांचा आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांचा. “देवळात कचेरीच्या गोष्टी कशाला?” असे एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला परवा विचारलेही. त्यांना मी एवढेच म्हणालो की, आपल्यातील बहुतेकांच्या जागेपणाचा मोठा भाग तेथेच जातो. कोणी बऱ्हाणपुरात यंत्रमागावर उभा असतो, कोणी केळीचे घड गाडीत भरतो, कोणी बँकेत वा शाळेत आहे. आणि आपली मुलेबाळे पुण्याला, इंदूरला, सुरतेला दिवसभर संगणकासमोर बसलेली असतात. जेथे आठ-दहा तास जातात तेथे धर्माला प्रवेश नसेल, तर अर्ध्या तासाच्या आरतीत आपण त्याला किती काळ कोंडून ठेवणार?

आता ती कथा. आपण सर्वांनी कीर्तनातून ती ऐकलेली आहे. संन्याशाची पोरे म्हणून या चार भावंडांची जी अवहेलना होत असे, तिच्या एका प्रसंगाने ज्ञानदेवांचे मन विटले. ते पर्णकुटीत गेले, दाराची ताटी लावून घेतली आणि आत बसून राहिले. ताटी म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगावे लागेल: कुडाच्या झोपडीला काड्या-कामट्यांचे जे हलके दार असते, ती ताटी. लाथ मारली तर मोडेल, इतके ते नाजूक असते. तरीही मुक्ताईने ती ढकलली नाही. ती बाहेर उभी राहिली आणि बोलली. ते बोलणे ‘ताटीचे अभंग’ म्हणून आजही वारकऱ्यांच्या कंठात आहे. चौघांत ती धाकटी. आत बसलेला तिचा भाऊ. भाऊच नव्हे, ज्याच्या शब्दाला सारा संप्रदाय पुढे मस्तक लववणार होता, तो. त्याला तिने त्याच्याच थोरपणाची आठवण करून दिली. आणि ताटी उघडली.

या कथेत आपण नेहमी मुक्ताईचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. परंतु मला आज आत बसलेल्या पुरुषाविषयी बोलावयाचे आहे. राग येणे, मन विटणे, दार लावून घ्यावेसे वाटणे, हे ज्ञानदेवांनाही चुकले नाही, असे सांगण्यास परंपरा संकोचली नाही. तिने त्यांचे मोठेपण कशात पाहिले? धाकट्या बहिणीचा शब्द ऐकून त्यांनी आपल्या हाताने ताटी काढली, यात.

ताटी आजही लावली जाते. आता ती काड्यांची नसते, एवढेच. कोठे ती काचेची असते आणि तिच्याबाहेर शिपाई बसलेला असतो. कोठे ती साहेबांच्या कपाळावरच्या आठीची असते. दार सताड उघडे, पण आत पाऊल टाकण्याची कोणाची छाती होत नाही. हल्ली तर मोबाईलवर कचेरीचा गट तयार करून त्यात फक्त गटप्रमुखालाच लिहिता यावे अशी कळ दाबून ठेवतात. दोनशे माणसांना एकाच क्षणी हुकूम पोहोचतो, आणि दोनशे जणांपैकी एकालाही “साहेब, हे असे नाही” म्हणण्याची सोय उरत नाही. यास काही लोक शिस्त म्हणतात. मी त्यास ताटीच म्हणेन, आणि ती मुक्ताईच्या काळच्या ताटीहून पुष्कळ भक्कम आहे.

मी हे दुसऱ्यांना शिकविण्याच्या अधिकाराने बोलत नाही. ही ताटी मी स्वतः लावून बसलो होतो, आणि तिची किंमत दुसऱ्या एका माणसाने भरली. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढचे निरूपण करण्याचा मला अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. या मुलखातल्या एका जिनिंग कारखान्यात मी व्यवस्थापक होतो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. फाटकाशी मोठा धर्मकाटा होता. भरलेली गाडी आत येताना तोलावयाची, कापूस उतरवून रिकामी गाडी बाहेर जाताना पुन्हा तोलावयाची, आणि दोन्ही वजनांतील फरक तो कापसाचा तोल, अशी रीत. त्या काट्यावर एक मापाडी होता. फारसा शिकलेला नव्हता, पण अक्षर नेटके, आणि दहा वर्षांत त्याच्याविषयी कधी तक्रार आली नव्हती. त्या हंगामात वहीतला कापूस आणि सरकी-रुईचा हिशेब यांत तूट दिसू लागली. एक दिवस दिसली, दुसऱ्या दिवशी दिसली, आठवड्यात ती डोळ्यांत भरण्याइतकी झाली. मालकांनी मला विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि ज्याला वर उत्तर देता येत नाही तो खाली उत्तर शोधतो. मी मापाड्याला बोलावले.

तो दोनदा माझ्याकडे आधीच येऊन गेला होता. हे मला तेव्हा आठवले नाही. नंतर आठवले, आणि मग कधी विसरता आले नाही. पहिल्यांदा तो दाराशी येऊन म्हणाला होता, “साहेब, काट्याचं थोडं सांगायचं होतं.” मी मान वर न करता “उद्या” म्हणालो. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “साहेब, रिकाम्या ट्रॉलीचं मागचं चाक…” आणि मी त्याला मध्येच थांबविले. माझ्यापुढे हिशेबाचे कागद होते. चाकांची चर्चा करण्यास मला सवड नव्हती. तिसऱ्यांदा मी त्याला बोलावले ते सर्वांसमक्ष. जे बोललो ते येथे उच्चारणार नाही. त्याने मान खाली घातली, एक शब्द बोलला नाही. त्याचे ते मौन मी कबुली समजलो. त्याच दिवशी त्याला काढून टाकले.

तूट थांबली नाही. नवा माणूस आला, वहीही नवी आली, तूट मात्र तीच. पंधरा दिवसांनी, निरुपाय झाला म्हणून, मी स्वतः दुपारभर काट्यापाशी उन्हात उभा राहिलो. तेव्हा दिसले. बाहेर जाण्याच्या बाजूला, काट्याच्या तोंडाशी, रुईच्या गाठींची थप्पी रचलेली होती. त्यामुळे लांब ट्रॉली असलेल्या ट्रॅक्टरला पुरेसे पुढे सरता येत नव्हते. रिकामी ट्रॉली तोलताना तिचे मागचे चाक काट्याच्या पाट्यावर पुरते येतच नव्हते, अर्धे खाली टेकलेले राही. रिकाम्या गाडीचे वजन कमी भरे, आणि तेवढाच कापूस वहीत जास्त चढे. गाठी तेथे रचण्याचा हुकूम कोणाचा होता? माझाच. गोदामातील जागा वाचावी म्हणून हंगामाच्या आरंभी मी तो दिला होता, आणि जागा वाचविल्याबद्दल मालकांकडून शाबासकीही घेतली होती.

मी त्या मापाड्याच्या गावी गेलो. तो बायकामुलांसह सुरतेला निघून गेला होता. घरी म्हातारे वडील होते. त्यांनी मला बसावयास घोंगडी टाकली आणि पाणी दिले. मी त्यांना सर्व सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि मग एवढेच म्हणाले, “तो घरी म्हणायचा, साहेब ऐकतील, कामात आहेत म्हणून.”

सज्जनहो, आता गीतेकडे वळू.

अठराव्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कोणतेही कर्म, बरे असो वा वाईट, सिद्धीस जाते तेव्हा त्याच्या मागे पाच गोष्टी असतात: अधिष्ठान, म्हणजे ज्या आधारावर कर्म घडते ते, कर्ता, निरनिराळी करणे, म्हणजे साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. लगेच पुढे भगवंत म्हणतात की, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, त्याला दिसत असूनही दिसत नाही. भाष्यकारांनी या पाच कारणांचा अर्थ देह, जीव, इंद्रिये, प्राण आणि देवता असा सूक्ष्म केला आहे आणि तोच मुख्य होय. परंतु शास्त्राचा दिवा घरातही उजेड देतो. माझ्या त्या काट्यावर या पाचांना लावून पाहा. अधिष्ठान होता तो काटा व त्याभोवतीची जागा. करणे म्हणजे ट्रॉल्या, वजने, वह्या. हालचाली म्हणजे गाड्यांची ये-जा आणि गाठी रचणाऱ्या हमालांचे काम. दैव म्हणावे तर त्या वर्षी बैलगाड्यांच्या जागी लांब ट्रॉल्या अधिक येऊ लागल्या होत्या, हा काळाचा फेरा. आणि कर्ता? पाचांतला एक. मी काय केले? जागा वाचली तेव्हा सर्व पाचही कारणे बाजूस सारून “कर्ता मी” म्हणालो. तूट आली तेव्हाही चार बाजूस सारली, आणि “कर्ता तो” म्हणालो. दोन्ही वेळा गीतेच्या भाषेत मी दुर्मतीच ठरलो.

यशात ‘मी’ आणि अपयशात ‘तो’, एवढ्या दोन अक्षरांत पुष्कळ कचेऱ्यांचा कारभार आटोपतो. अहंकार म्हणजे छाती फुगवून चालणे, असे आपण समजतो. तो त्याचा ढोबळ प्रकार आहे. कामाच्या ठिकाणचा अहंकार फार सभ्य असतो. तो फक्त पाचांपैकी चार कारणे पाहावयाचे नाकारतो. आणि ती चार कारणे ज्याला दिसतात तो बहुधा अधिकारी नसतो. मागाचा आवाज बदलला हे मागापाशी उभ्या असलेल्या विणकराला आधी कळते. कोणत्या खिडकीशी म्हातारी माणसे ताटकळतात, हे बँकेच्या शिपायाला ठाऊक असते. वर बसलेल्याला गोळाबेरीज दिसते. चाक कोठे टेकले आहे हे खाली उभा असलेल्यालाच दिसते. यास्तव अधिकाऱ्याने ऐकणे ही त्याची कृपा नव्हे. ज्याला पाचातले एकच कारण दिसते त्याने उरलेली चार कोणाकडून तरी मागून घेतली पाहिजेत, नाही तर त्याचा प्रत्येक निर्णय आंधळा आहे.

हा विचार आपल्याच देशापुरता नाही. १९७७ सालच्या मार्च महिन्याच्या २७ तारखेला अटलांटिक समुद्रातील तेनेरिफ बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील एका विमानाचा मुख्य वैमानिक आपल्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ व नामांकित गृहस्थ होता. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान सोडले. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका मागे बसलेल्या यंत्रज्ञाने बोलून दाखविली होती. मुख्य वैमानिकाने ठामपणे ती उडवून लावली, आणि यंत्रज्ञ पुन्हा बोलला नाही. काही क्षणांतच टक्कर झाली. अशा अपघातांवरून पुढे जगभर वैमानिकांना नवे शिक्षण देण्यात येऊ लागले. कनिष्ठाने शंका कशी बोलावी आणि वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे धडे. आकाशात उडण्याचे शास्त्र माणसाला येऊन चुकले होते. ताटी उघडण्याचे मात्र नव्याने शिकावे लागले.

अमेरिकेतील एमी एडमंडसन नावाच्या विदुषीने रुग्णालयांतील परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तुकड्यांचे नेतृत्व चांगले, त्यांच्या हातून औषधे देण्यात चुका कमी होत असतील, अशी तिची अपेक्षा होती. आढळले ते उलटेच. चांगल्या तुकड्यांच्या नोंदीत चुका अधिक होत्या! विचार केल्यावर उलगडा झाला: त्या तुकड्यांत चूक झाल्यास ती बोलून दाखविण्याची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. इतरत्र चुका होत होत्या, पण त्या पदराखाली झाकल्या जात होत्या. ज्या कचेरीत “आमच्याकडे तक्रारच नाही” असे अभिमानाने सांगतात, तेथे मला आता धडकीच भरते.

आणि जपानातील टोयोटा या मोटार कारखान्यात तर एक दोरी टांगलेली असे. कामाच्या ओळीवरील कोणाही साध्या कामगाराला दोष दिसला की त्याने ती ओढावयाची. वरचा माणूस धावत त्याच्यापाशी येई, आणि दोष तत्काळ निघाला नाही तर सारी ओळ थांबे. ही दोरी पाहून मला देवळातील घंटेची आठवण होते. घंटेला हात लावण्यास आपण कोणाचा हुद्दा विचारतो काय?

आपल्या देशातही कायद्याने ही घंटा टांगण्याचा यत्न केला होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या कार्यसमितीची तरतूद होती. तरतुदीने खुर्च्या समोरासमोर मांडता येतात. कान उघडता येत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, “सर्वांचेच ऐकत बसलो तर काम कसे व्हावे? दहा तोंडे, दहा मते.” शंका रास्त आहे. तिचे उत्तर वाल्मीकींनी देऊन ठेवले आहे. एकाच माणसाच्या बाबतीत दोन सभा कशा वागल्या, हे युद्धकांडात पाहावे. तो माणूस बिभीषण. रावणाच्या सभेत त्याने सीतेला परत द्यावे असे सांगितले. भाऊ होता, मंत्री होता, हिताचे बोलत होता. त्याला अपमान करून दवडण्यात आले. तोच बिभीषण समुद्र ओलांडून रामाच्या छावणीपाशी आला. आता रामाने काय केले? त्याने सुग्रीवाचे ऐकले. सुग्रीव म्हणाला, हा शत्रूचा हेर आहे. अंगदाचे ऐकले, शरभाचे ऐकले, जांबवंताचे ऐकले, मैंदाचे ऐकले. सर्वांना कमीअधिक संशयच होता. मग हनुमानाचे ऐकले, जो म्हणाला की हा मनुष्य विश्वासास पात्र दिसतो. आणि सर्वांचे ऐकून रामाने निर्णय दिला तो बहुमताच्या विरुद्ध: शरण आलेल्यास मी अभय देणार. पाहा, ऐकणे म्हणजे आज्ञेत राहणे नव्हे. निर्णय रामाचाच होता आणि जबाबदारीही त्याचीच. परंतु ज्यांचे मत मानले गेले नाही तेही रामाबरोबर लंकेपर्यंत गेले, कारण त्यांचे बोलणे पुरते ऐकले गेले होते.

याउलट धृतराष्ट्र. त्याच्याइतके लक्षपूर्वक कोणी ऐकले आहे काय? झोप येईना म्हणून त्याने विदुराला बोलावले आणि रात्रभर नीती ऐकली. ती विदुरनीती म्हणून आपण आजही वाचतो. “तू म्हणतोस ते खरे आहे,” असे तो कबूलही करतो. आणि सकाळी पुत्रमोहाने पुन्हा तेच करतो जे काल करीत होता. कित्येक कचेऱ्यांत सूचनांची पेटी भिंतीवर लावलेली असते. तिला कुलूप असते, आणि कुलपाला गंज. तीही विदुरनीतीच म्हणावयाची! मला तर वाटते की रावणापेक्षा धृतराष्ट्र अधिक घातकी. रावणापाशी निदान बिभीषणाला कळले की येथे राहण्यात अर्थ नाही.

आता बाहेर उभ्या असलेल्या माणसाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आपल्यापैकी बहुतेक जण ताटीच्या बाहेरच असतात. मुक्ताईने आपले म्हणणे चव्हाट्यावर जाऊन मांडले नाही. भावाच्या पाठीमागे निवृत्तिनाथांच्या कानाशीही ती लागली नाही. ती दाराशीच उभी राहिली. आणि भावाला त्याचा दोष दाखविताना त्याच्या ठिकाणी जे उत्तम आहे त्यालाच तिने हाक मारली. आज पुष्कळ तरुण मंडळी वरिष्ठांविषयी चहाच्या टपरीवर तास तास बोलतात, दाराशी मात्र अर्धा मिनिटही नाही. हेही धर्माला धरून नाही. पण मी त्यांना दोष देताना जपून देतो. माझ्या मापाड्याने दोनदा दाराशी येऊन पाहिले होते. तिसऱ्यांदा त्याने तोंड का उघडले नाही, असे विचारण्याचे तोंड मला नाही.

चांगदेवांची गोष्ट अर्धीच राहिली. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले आणि पहिल्याच शब्दाशी अडले. आशीर्वाद लिहावा, तर समोरचा ज्ञानाने मोठा. नमस्कार लिहावा, तर वयाने लहान. शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला. हुद्द्याचा हा पेच आपण आजही सोडवू शकलेलो नाही. वयाने तीस वर्षांनी लहान असलेल्या मुलीच्या हाताखाली काम करावे लागले तर आपल्याकडील जाणती माणसेही चांगदेवाइतकीच अडखळतात; नवी यंत्रप्रणाली तिच्याकडून शिकून घेण्यापेक्षा कोरे राहणे पत्करतात. परंपरा सांगते की त्या कोऱ्या कागदाकडे पाहून मुक्ताईने चांगदेव अजून कोरेच राहिल्याची थट्टा केली, आणि ज्ञानदेवांनी उत्तरादाखल ‘चांगदेव पासष्टी’च्या पासष्ट ओव्या लिहिल्या. पुढे व्याघ्रावर बसून, सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या त्या योगिराजाने गुरू केला तो मुक्ताईला. चौदाशे वर्षांची तपश्चर्या एका लहान मुलीच्या पायाशी ठेवताना त्याला लाज वाटली नाही. त्याचे मंदिर आजही संगमावर उभे आहे, ते काही त्याच्या वाघामुळे नव्हे.

बऱ्हाणपूरला गेलात तर कुंडी भंडारा पाहून या. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या पर्शियन जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे शोधून, जमिनीखालून केवळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत आणले. वाटेत ओळीने शंभरावर कुंड्या आहेत, एकमेकींना भुयाराने जोडलेल्या, आणि प्रत्येकीचे तोंड वर उघडे. ती तोंडे कशासाठी? आत वारा जावा म्हणून, आणि माणसाला उतरून पाहता यावे म्हणून. त्या पाण्यातला चुना भुयाराच्या भिंतींवर बसत जातो आणि वाट अरुंद करतो. वरून पाहणाऱ्यास कुंडीत पाणी दिसते आणि सर्व ठीक आहे असे वाटते. चुना कोठे धरला आहे, हे आत उतरून भुयारात हात फिरवणाऱ्यालाच कळते. त्याने वर येऊन सांगितले आणि कोणी ऐकले नाही, तर शहराला कळेल ते नळ कोरडा पडल्यावर.

हे सर्व मी आपल्याला सांगत असताना आपल्या मंडळाकडे बोट न दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपणही एक लहानशी संस्थाच आहोत. अध्यक्ष आहेत, कार्यवाह आहेत, खजिनदार आहेत, आणि भांडी घासणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, चपला सांभाळणाऱ्या आपल्या बाया-माणसेही आहेत. आपल्या बैठकीत आजवर कोण बोलत आले? पहिल्यांदा अध्यक्ष, मग उरलेले पदाधिकारी, आणि शेवटी “कोणाला काही म्हणावयाचे आहे काय?” असे विचारून उत्तराची वाट न पाहता आरती. गेल्या भंडाऱ्यात शेवटच्या दोन पंगतींना वरण पुरले नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात आपण कोणावर रागावलो, हे येथे बसलेल्या सर्वांना ठाऊक आहे. नंतर कळले की डाळ मोजण्याचे नवे मापच लहान होते, आणि ते आणून देणारे आपलेच पदाधिकारी होते. वाढणाऱ्या एका बाईने ते सकाळीच ओळखले होते. तिने सांगितले नाही. तिला का सांगावेसे वाटले नाही, हे मी त्या रात्री माझ्या मनाला विचारले, आणि मला तो मापाडी आठवला.

म्हणून कार्यकारी मंडळींच्या संमतीने एक ठरविले आहे. येत्या एकादशीच्या बैठकीत पहिल्याने स्वयंपाकघरातील मंडळी बोलतील, त्यानंतर पाणी भरणारे, नंतर आवार झाडणारे. कोणी कोरकूत बोलेल, कोणी निमाडीत, कोणी आपल्या वऱ्हाडी-खानदेशी वळणाच्या मराठीत. ज्याला जी येईल ती. त्यांचे होईपर्यंत पदाधिकाऱ्यांनी मध्ये बोलावयाचे नाही. जे सांगितले जाईल ते वहीत लिहिले जाईल, आणि पुढच्या एकादशीला आधी ती वही वाचली जाईल: कोणत्या सूचनेचे काय झाले, आणि झाले नसल्यास का झाले नाही. अध्यक्ष सर्वांच्या शेवटी बोलतील. बैठक सभामंडपात होईल, आतल्या खोलीत नाही. त्या खोलीचे दार फुगल्याने नीट उघडत नाही, हेही मला परवा झाडणाऱ्या मावशींनीच सांगितले.